रायणेची दोन नावं

नवीन पनवेल
शनिवार, १८ जानेवारी १९९७

प्रिय रेवा,

पाकिटावरचं अक्षर ओळखीचं नाही म्हणून तू ते उलटं करून पाहिलं असशील, आणि मागे माझं नाव वाचून सरांच्या घरी काही झालं की काय म्हणून दचकली असशील. तसं काही नाही. सगळे खुशाल आहेत. सासूबाईंचे गुडघे थंडीनं धरलेत, अपूर्वची सांगलीला सबमिशन्स चालली आहेत, आणि तुझे सर आज सकाळी ट्रेनिंगसाठी हैदराबादला गेलेत. शाळा शनिवारची सकाळचीच, सासूबाई जेवून आडव्या झाल्यात, आणि मी जेवणाच्या टेबलावर कागद घेऊन बसले आहे. फोनवर हे बोलता आलं नसतं. फोनवर तू मध्येच 'वहिनी, असं काय म्हणता' असं काहीतरी गोड बोलली असतीस आणि मी तिथेच थांबले असते.

'प्रिय' हा शब्द रीत म्हणून लिहिला आहे. आज तुझ्याशी खरंच बोलायचं ठरवलंय, तेव्हा इथूनच सुरुवात करते. तू मला प्रिय कधीच नव्हतीस. तुझं नाव आमच्या घरात पहिल्यांदा आलं ते एका रविवारी, पोहे खाताना. हे म्हणाले, नवीन को-पायलट मिळालीय, पुण्याची आहे, रेवा नाव, हात फार हलका आहे तिचा. विमानाच्या बाबतीत 'हात हलका' ही यांची सगळ्यात मोठी शाबासकी. इतक्या वर्षांत ती मी फार थोड्यांना मिळालेली ऐकलीय. त्या दिवसानंतर 'रेवा म्हणते' हे दोन शब्द आमच्या घरात मिठासारखे सगळ्यात पडू लागले. रेवा म्हणते, सकाळी चाललं की पाठ दुखत नाही. रेवा म्हणते, चहा बिनसाखरेचा पिऊन बघा. तुझ्या एका सांगण्यावरून यांनी साखर सोडली. मी आणि डॉक्टर किती वर्षं सांगत होतो, ते सासूबाईंना विचार.

तुला एक गोष्ट माहीत नसणार. तुझ्या सरांकडून चार्ट मी पाठ करून घेतलेत. आमचं लग्न झालं तेव्हा हे नुकते को-पायलट झाले होते आणि आम्ही जुन्या पनवेलला, वडाळे तळ्याजवळ दोन खोल्यांत राहत होतो. तेव्हा प्रत्येक पायलटकडे स्वतःचा चार्टांचा जाडजूड बाइंडर असायचा, आणि बदललेल्या पानांचं पाकीट दर काही दिवसांनी घरी यायचं. जुनं पान काढायचं, नवं घालायचं, पुन्हा सगळं तपासायचं. भारी कंटाळवाणं काम. पहिल्याच महिन्यात ते माझ्याकडे आलं. मी भूगोलाची. डोंगरांच्या उंचीचे आकडे, समोच्चरेषा, नदीची वळणं मला पुस्तकासारखी वाचता यायची. संध्याकाळी मी चार्ट हातात धरायची आणि हे डोळे मिटून म्हणत जायचे, अमुक रेडिओ बीकनवरून निघालो, एवढ्या उंचीवर आलो, उजवीकडे वळलो, पुढची खूण... नाव अडलं की मी पहिलं अक्षर सांगायची. आपल्या देशातल्या बहुतेक विमानतळांवर मी पाऊल ठेवलेलं नाही, पण तिथे कोणत्या डोंगराला वळसा घालून उतरायचं ते मला पाठ होतं. शेजारच्या बायका संध्याकाळी नवऱ्याबरोबर तळ्यावर फिरायला जायच्या. आम्ही असे फिरायचो.

मग नवी विमानं आली आणि त्यांच्यात कॉम्प्युटर आला. वाटेतल्या सगळ्या खुणांची नावं त्याच्या पोटात. नाव टाइप केलं, बटण दाबलं, की विमान आपणहून तिकडे वळतं. बाइंडर विमानातच राहू लागले, पाकीट घरी यायचं बंद झालं. हे नव्या विमानाचं ट्रेनिंग घेऊन आले तेव्हा बरोबर एक जाड पुस्तक होतं. मी हौसेनं उघडलं. हे म्हणाले, राहू दे आशा, आता ते सगळं बदललंय, तुला नाही समजायचं. वाईट भावनेनं म्हणाले नाहीत, पेपरातून डोळेही वर काढले नव्हते. पण त्यानंतर संध्याकाळी आम्हाला एकमेकांशी बोलायला भाजी, अपूर्वचे मार्क आणि सासूबाईंचं बीपी एवढंच उरलं. जे बोलणं आमच्यात होतं ते संपलं असं मी समजत होते. संपलेलं नव्हतं. ते तुझ्याशी होत होतं.

गणपतीत तू आलीस तो दिवस तुला आनंदाचा म्हणून आठवत असेल. तू स्वयंपाकघरात फतकल मारून बसलीस, सासूबाईंकडून मोदकाच्या कळ्या पाडायला शिकलीस, तुझा पहिला मोदक हातातच फुटला तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं तूच हसलीस. सासूबाई अजून म्हणतात, किती मोकळी पोर आहे. जेवताना तू आणि हे कुठल्याशा मार्गावरच्या लागोपाठच्या दोन खुणांबद्दल बोलत होतात. ती पाच-पाच अक्षरांची बनवलेली नावं एकापुढे एक वाचली की काहीतरी चावट होतं म्हणे. हसून हसून यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तूप वाढत होते. विचारलं, काय झालं? हे म्हणाले, काही नाही गं. माझा चेहरा बघून तुलाच अवघडल्यासारखं झालं आणि तू मला समजवायला लागलीस, की वहिनी, आकाशात रस्ते असतात आणि त्या रस्त्यांवर नावं दिलेल्या खुणा असतात. किती मायेनं सांगत होतीस. मी मान डोलवत ऐकत राहिले. हेही ऐकत राहिले. अगं, हिला हे सगळं येतं, एवढं एक वाक्य त्यांना बोलता आलं असतं. त्यांनी पानातली बटाट्याची भाजी संपवली. तोवर तुझ्या नावाची मला नुसती चिडचिड होती. त्या दुपारी तुझा मत्सर वाटायला लागला, आणि मग तो गेला नाही.

तुमच्यात तसलं काही नाही हे मला तेव्हाही माहीत होतं. मी एवढी बावळट नाही. तसलं काही असतं तर भांडता आलं असतं, माहेरी जाऊन बसता आलं असतं, चार माणसं माझ्या बाजूनं बोलली असती. नवरा एका मुलीशी मन लावून कामाचं बोलतो, याची तक्रार कोणाकडे न्यायची? मी शाळेत नकाशा फळ्यावर टांगायची आणि मुलांसमोर उभी राहून मनात म्हणायची, आत्ता ते दोघं ह्या ह्या डोंगरावर असतील.

आता नोव्हेंबरातल्या त्या दिवसाबद्दल. तू तिथे होतीस, तुला मी काय सांगणार? पण आमच्या घरात ते कसं आलं, ते तुला ठाऊक नाही. हे दुसऱ्या दिवशी घरी आले, आणि मग जो येईल त्याला बैठकीत बसवून सांगू लागले. डोंगरांनी वेढलेलं विमानतळ, सगळीकडे ढग, खाली काही दिसत नाही. टॉवरनं ऐनवेळी जवळची वाट दिली, सरळ रायणे बीकनवर या. चार्टवर रायणेच्या नावापुढे 'आर वाय' अशी दोन अक्षरं छापलेली. ती कॉम्प्युटरमध्ये टाकली तर यादीत सगळ्यात वर आलं ते भलतंच 'आर वाय', कुठल्या कुठे पूर्वेला असलेलं. आपली रायणे त्यात 'आर वाय' या नावानं नव्हतीच. मशीननं ती पूर्ण नावानं ठेवलेली. कागदावर एक नाव, मशीनमध्ये दुसरं. आणि यादीतलं वरचं नाव निवडलं गेल्यावर विमान ढगातल्या ढगात डावीकडे, डोंगरांच्या दिशेनं वळायला लागलं. इथपर्यंत सगळं खरं सांगायचे. मग आवाज जरा खाली आणून म्हणायचे, मुलगी हुशार आहे, पण नवीन. विमान तीच चालवत होती, आणि घाईत बटणही तिनंच दाबलं. माझं लक्ष गेलं म्हणून वर खेचायला लावलं. बैठकीतले लोक सुस्कारा सोडायचे आणि चहाचा दुसरा कप घ्यायचे.

पेपरातही चार ओळी आल्या. नावं नव्हती, पण 'महिला सहवैमानिक' एवढं होतं. करंजा बंदरावरची कमळाबाई आमच्या दारात मासळी घेऊन येते, तिच्याही कानावर गेलं होतं. तिनं पाटी उतरवली, दोनदा देवाचं नाव घेतलं आणि मग मला विचारलं, "ती पोरगी दिसाया कशी हाय गो, बाय?" मी म्हटलं, साधीच आहे. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि पापलेट निवडायला घेतलं.

तुला घरी बसवलं, चौकशी लागली, तुझं लायसन्स जाईल असं सगळे म्हणू लागले. मला बरं वाटलं, रेवा. हे मी सोवळेपणानं टाळणार नाही. रविवारचे पोहे पुन्हा नुसते पोहे झाले. सरांनी तुझं नाव काढणं सोडलं. एकदा तुझा फोन आला होता, सर आहेत का म्हणून विचारत होतीस, तुझा आवाज बसलेला होता. हे समोरच बसले होते. त्यांनी हातानं नाही म्हणून खूण केली आणि मी तुला सांगितलं, बाहेर गेलेत. रिसीव्हर ठेवल्यावर मात्र मला यांच्याकडे बघवेना. कारण मला त्या दिवसाचं जे माहीत होतं ते बैठकीतल्या कोणालाही माहीत नव्हतं.

तुम्ही डोंगरातून वर निघालात, बराच वेळ घिरट्या घातल्यात आणि मग दुसऱ्या शहरात जाऊन उतरलात. तिथून दुपारी यांनी मला फोन केला होता. तू तेव्हा प्रवाशांजवळ असशील, किंवा कुठे एकटी बसली असशील. मी शाळेतून नुकतीच आले होते, पायात चप्पलही तशीच होती. यांचा आवाज मला आधी ओळखू आला नाही. म्हणाले, "आशा, मी चुकीचं नाव टाकलं. ती दोनदा म्हणाली, सर, ही रायणे नाही. मी ऐकलं नाही. मग तिनं मला न विचारता विमान वर खेचलं. ढग फाटला तेव्हा डोंगर इतका जवळ होता की झाडं दिसली." मी काहीबाही बोलत राहिले, पाणी प्या, कुठेतरी बसा. रेवा, तुला हे विचित्र वाटेल, पण त्या क्षणी भीतीच्या खाली मला सुख होत होतं. एवढं मोठं झालं आणि यांनी फोन मला केला. तुझ्यापाशी मन मोकळं केलं नाही, कंपनीतल्या कोणाशी बोलले नाहीत, मला सांगितलं. कित्येक वर्षांत यांनी माझ्याशी विमानाबद्दल बोललेली ती पहिली खरी गोष्ट होती. ती मी दागिना जपावा तशी जपली. बैठकीत हे दुसरंच सांगू लागले तेव्हाही आधी मी तीच जवळ धरून बसले. लोकांना काहीही सांगू देत, खरं मला सांगितलंय, असं म्हणत.

कॉकपिटमधलं बोलणं टिपणारी टेप अर्ध्या तासाचीच असते, जुनं पुसून त्यावर नवं भरत जातं, हेही यांनीच बैठकीत कोणालातरी सांगितलं. म्हणजे तुमच्या घिरट्यांत सगळं पुसलं गेलं होतं. तुझा शब्द आणि यांचा शब्द. एकीकडे केस पिकलेला कमांडर, दुसरीकडे तू. आणि मग एका सकाळी शाळेत नकाशा टांगताना मला ते विमानतळ दिसलं आणि एकदम सुचलं की तिथे आजही कोणीतरी उतरत असेल. तोच चार्ट, तीच दोन अक्षरं, तीच यादी. पोरीनं घाई केली असं एकदा ठरलं की नावांकडे कोण बघणार? पोरीला काढलं की काम झालं. रायणेची दोन नावं तशीच राहणार, पुढचा कोणीतरी ढगात असताना टॉवर पुन्हा जवळची वाट देणार, आणि त्याच्या शेजारी दोनदा बोलणारं कोणी असेलच असं नाही.

त्या रविवारी हे व्हरांड्यात बुटांना पॉलिश करत होते. मी म्हटलं, तुम्ही मला फोनवर वेगळं सांगितलं होतं.

ब्रश थांबला नाही. म्हणाले, घाबरलो होतो, काय बोललो ते मला आठवतही नाही. मी म्हटलं, मला शब्दन् शब्द आठवतो. तुमची चूक नव्हतीच मुळात, नावंच जुळत नव्हती, कोणीही फसलं असतं, मग लपवताय कशाला? तेव्हा त्यांनी बूट खाली ठेवला. "नावाचं कोण विचारतंय, आशा? ती दोनदा म्हणाली आणि मी म्हटलं, मशीनला तुझ्यापेक्षा जास्त कळतं. हे मी त्या लोकांपुढे सांगू?" मग जरा नरमले. माझी आता थोडीच वर्षं राहिलीत, म्हणाले, ती लहान आहे, कधीतरी परत उडेल. मी गप्प आहे म्हणजे ऐकतेय असं त्यांना वाटलं असावं. दुसरा बूट उचलत सहज म्हणाले, "आणि तुला तिचा एवढा पुळका कुठून आला? ती तुला आवडत नाही, हे काय मला कळत नाही? तुला तर बरंच वाटायला हवं."

म्हणजे त्यांना माहीत होतं. गणपतीत मी तुपाची वाटी धरून उभी होते तेव्हाही माहीत होतं, मी फोनवर तुझ्याशी तुटक बोलायची तेव्हाही. माझी तगमग त्यांना दिसत होती आणि तिच्यावर त्यांनी कधी एक शब्द खर्च केला नव्हता. आता ती त्यांच्या उपयोगाची झाली होती. माझा मत्सर त्यांनी आपल्या बाजूचा साक्षीदार म्हणून धरला होता. ते खोटं बोलले याचा मला तेवढा राग आला नाही. भेदरलेला माणूस खोटं बोलतो. त्यांना माझी खात्री होती, याचा आला.

दोन दिवसांनी मी शाळेत रजा टाकली, पनवेलच्या स्टँडवरून बस धरली आणि विचारत विचारत सांताक्रूझला तुमच्या ऑफिसात पोचले. चौकशीचे मुख्य म्हणून जे निवृत्त विंग कमांडर नेमले होते, त्यांच्या खोलीबाहेर बराच वेळ बसवून ठेवलं. आत गेल्यावर मी बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं, नाहीतर धीर गेला असता. ते म्हातारे गृहस्थ शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, बाई, यात तुमचा काय फायदा? मी म्हटलं, "काही नाही. मला ती मुलगी आवडतही नाही." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, नवऱ्यानं बायकोला फोनवर सांगितलेलं मी कागदावर घेणार नाही, तुमचं नावही कुठे येणार नाही. पण त्यांना मी पुन्हा एकदा बोलावीन. एवढंच. बाहेर आले तेव्हा डोक्यावरून एक विमान खूप खालून गेलं आणि मी इतर लोकांसारखी मान वर करून ते जाईपर्यंत बघत राहिले.

घरी येऊन यांना सांगितलं, मी जाऊन आले. हे जेवले नाहीत. सासूबाईंना वाटलं पोट बिघडलं, त्यांनी ओवा दिला. दुसऱ्या दिवशी, तिकडून बोलावणं यायच्या आधीच, हे गाडी मागवून गेले आणि जबाब बदलून आले. पुढचं तुला माहीत आहे. नावांचा घोळ हाच मूळ दोष ठरला, सगळ्या वैमानिकांना सूचना गेली, चार्टवर रायणेपुढे आता मशीनमधलंच नाव छापलं जातंय. तू मोकळी झालीस. यांना नुसतं पुन्हा ट्रेनिंग सांगितलं, आणि अहवालात म्हणे एक ओळ आहे, वरिष्ठ वैमानिकानं स्वतःहून पुढे येऊन दाखवलेल्या प्रामाणिकपणाबद्दल. ती ओळ यांनी मला वाचून दाखवली नाही, सासूबाईंना दाखवली. माझ्याशी तेव्हापासून फार नीट बोलतात. पाहुण्याशी बोलावं तसं.

आणि गेल्या रविवारी तू आलीस. पुण्याहून आणलेला पेढ्यांचा डबा देवापुढे ठेवलास आणि यांच्या पायांवर डोकं टेकलंस. यांचा पहिला जबाब काय होता, ते तुला कोणी कळवलंच नसणार. म्हणालीस, "सर, दुसरं कोणी गप्प बसलं असतं. तुम्ही स्वतःचं नुकसान करून घेऊन माझं नाव सोडवलंत." मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, अगदी ओझरतं. मला वाटलं, आता सांगतील. निदान एवढं तरी म्हणतील की माझं एकट्याचं नाही त्यात. त्यांनी तुझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, अगं, त्यात काय. तुझे डोळे भरून आले होते. सासूबाईंनी पदरानं स्वतःचे पुसले. मी चहा दिला, तुझा बिनसाखरेचा, यांचा बिनसाखरेचा. मग तू आनंदानं सांगितलंस की फेब्रुवारीपासून तू पुन्हा सरांबरोबरच उडणार आहेस, ऑफिसात मुद्दाम मागून घेतलंस.

हे पत्र त्यासाठी आहे. ज्या माणसाच्या तू पाया पडलीस त्याला ढगात 'सर, चुकतंय' असं म्हणायला तुझी जीभ जड होईल. एकदा म्हणशील, ते दुर्लक्ष करतील, आणि दुसऱ्यांदा म्हणायच्या आधी तुला त्यांचे उपकार आठवतील. मी त्यांना ओळखते, पुन्हा कधीतरी ते ऐकणार नाहीत. त्या दिवशी तू दोनदा बोललीस आणि मग न विचारता विमान खेचलंस, कारण तेव्हा तुझ्यावर त्यांचे उपकार नव्हते. आजही नाहीत. तुझं नाव त्यांनी सोडवलेलं नाही, मी सोडवलं. माझ्याजवळ त्यांचं एकच बोलणं होतं जे फक्त माझं होतं, ते देऊन सोडवलं. विमानात बसणाऱ्या माणसांच्या काळजीनं मी हे तुला कळवतेय, की तू यांच्याकडे तशा डोळ्यांनी पाहिलंस ते मला सोसलं नाही म्हणून कळवतेय, याचा दुपारभर विचार केला आणि मला ठरवता आलं नाही. तू पहिलं कारण खरं धर. त्यांच्याबरोबर खुशाल ऊड, त्यांच्याइतकं चांगलं शिकवणारा दुसरा मिळायचा नाही. फक्त गरज पडली तर तिसऱ्यांदाही बोल. आणि माझे आभार मानायला येऊ नकोस, तेवढं माझ्याच्यानं होणार नाही.

तुझी म्हणवत नाही, तरी तुझ्याच बाजूची,
आशालता